मानसशास्त्राचा अर्ज, मुक्काम पोस्ट राळेगाव

यवतमाळ जिल्ह्याच्या दुःखावर जेवढा कागद खर्ची पडला, तेवढा महाराष्ट्रात क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यावर पडला असेल. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. राज्यातल्या शेतकरी आत्महत्यांची मोजणी बहुतेक जण तिथून सुरू करतात. २००५ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयाला या आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल दिला. पुढच्याच वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल आला, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान निघालं. मधल्या काळातल्या प्रबंधांची, माहितीपटांची आणि घरोघरी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांची तर गणतीच नाही.

या सगळ्या कागदांत यवतमाळचा माणूस बहुधा एकाच जागी भेटतो, उत्तर देणाऱ्याच्या. प्रश्न घेऊन येणारा मुंबईहून, पुण्याहून, दिल्लीहून येतो. त्यातल्या अनेकांनी जीव ओतून काम केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण कोणता प्रश्न विचारायचा, तो कोणत्या शब्दांत विचारायचा आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे ठरवणाऱ्यांत इथलं कोणी असावं असं वाटत असेल, तर त्याची एक वाट मानसशास्त्राच्या पदवीतून जाते. ती वाट सुरू होते एका प्रवेश अर्जापाशी. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावातून तो अर्ज भरताना काय काय आडवं येतं, त्याची ही हकीकत.

कापसाचा तालुका, दोन विद्यापीठांच्या काठावर

राळेगाव हा यवतमाळच्या पूर्वेकडचा तालुका. कापूस, तूर, सोयाबीन, थोडं जंगल, गोंड आणि कोलाम वस्ती. विधानसभेचा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. नागपूर-हैदराबाद महामार्ग तालुक्यातल्या वडकीवरून जातो. शेजारच्या कळंबपर्यंत वर्ध्याहून रेल्वे आली ती २०२४ च्या फेब्रुवारीत. वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि त्याबरोबर विद्यापीठही. अलीकडे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ, १९८३ सालचं. पलीकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, १९२३ सालचं. राळेगावच्या मुलाला यवतमाळ आणि वर्धा दोन्ही एसटीनं गाठता येतात. पण विद्यापीठ बदललं की स्थलांतर प्रमाणपत्र आलं, पात्रता प्रमाणपत्र आलं. नदीवरचा पूल ओलांडायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कितीतरी जास्त वेळ या दोन कागदांना लागतो.

घरात मानसशास्त्राचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हे शिकून नोकरी भेटते का?" दुसरा त्याहून ठरलेला, "येड्यायचा डाक्टर होऊन का करशीन?" या प्रश्नांना हसून चालणार नाही. एका एकराच्या पैशातून शिकवणाऱ्या बापाला ते विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आणि त्याचं सरळ उत्तर असं की नुसत्या बी.ए.वर मानसशास्त्रज्ञाची नोकरी मिळत नाही. ही शिडी लांब आहे. ती पूर्ण दिसल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवणं म्हणजे तीन वर्षांनी फसगत ओढवून घेणं.

शिडी

आधी माणसं ओळखू. सायकिअॅट्रिस्ट हा आधी एम.बी.बी.एस. होतो, मग मनोविकारशास्त्रात एम.डी. करतो, औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. त्याची वाट नीटच्या परीक्षेतून जाते, म्हणजे अकरावीला विज्ञान आणि जीवशास्त्र हवं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसिक चाचण्या घेतो, निदानात मदत करतो, मानसोपचार करतो. औषध देत नाही. त्याची नोंद १९९२ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत व्हावी लागते. समुपदेशक शाळेत, महाविद्यालयात, संस्थेत, हेल्पलाइनवर काम करतो. मनोविकार सामाजिक कार्यकर्ता रुग्णाचं घर, गाव, रोजगार यांचा धागा सांभाळतो. चौघंही एकाच रुग्णाभोवती काम करतात, पण चौघांचे अर्ज वेगवेगळ्या खिडक्यांवर भरावे लागतात. बारावीनंतर खिडकी चुकली तर पुढं परतीचा रस्ता महाग पडतो.

मानसशास्त्रज्ञाच्या शिडीची पहिली पायरी पदवी. ती कला शाखेत बहुतेक ठिकाणी मिळते, काही ठिकाणी विज्ञान शाखेतही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून चार वर्षांच्या पदवीची रचना लागू झाली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि मग पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात. दुसरी पायरी एम.ए. किंवा एम.एस्सी. इथपर्यंत आलेला माणूस समुपदेशन, अध्यापन, संशोधन यांकडे वळू शकतो.

तिसरी पायरी क्लिनिकलची, आणि सध्या तीच हलते आहे. वर्षानुवर्षं नियम असा होता की एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के. मग परिषदेनं मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचं एम.फिल.; मग नोंदणी. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही त्यातली मोठी नावं. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि अर्जदार देशभरातले. विद्यापीठ अनुदान आयोगानं एम.फिल. ही पदवीच बंद केली, मात्र क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. दरम्यान परिषदेनं चार वर्षांची बी.एस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजी (ऑनर्स) ही नवी पदवी आणली. त्यामुळे आज बारावीत असलेल्या मुलीनं ताईच्या किंवा मॅडमच्या अनुभवावर विसंबून राहू नये. त्यांच्या वेळची शिडी वेगळी होती. प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहायची आणि संस्थेचं नाव त्यात असेल तरच फी भरायची. माहितीपत्रकावर 'क्लिनिकल' असं छापलेलं असणं आणि परिषदेची मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अकरावीत पडलेला फासा

बालभारतीचं अकरावी-बारावीचं मानसशास्त्राचं पुस्तक मराठीत आहे, वाचनीय आहे आणि राज्य मंडळाच्या कला शाखेत हा विषय घेता येतो. अडचण तो शिकवणारं कनिष्ठ महाविद्यालय जवळ असण्याची आहे. तालुक्याच्या ठिकाणी कला शाखा म्हणजे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र. मानसशास्त्राला शिक्षक हवा, प्रात्यक्षिकाचं साहित्य हवं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे राळेगावची मुलगी यवतमाळचं किंवा वर्ध्याचं महाविद्यालय पसंतीक्रमात टाकू शकते. पण पसंतीक्रमात टाकलेल्या गावी रोजची एसटी किंवा वसतिगृह लागतं आणि ते पोर्टल देत नाही.

अकरावीला विषय नव्हता म्हणून दार बंद होत नाही, हे मात्र ठासून सांगायला हवं. पदवीला मानसशास्त्र घेण्यासाठी बारावीला ते असण्याची अट बहुतेक महाविद्यालयांत नसते. पदवीनंतर गोष्ट बदलते. काही विद्यापीठं कोणत्याही शाखेच्या पदवीधराला एम.ए. मानसशास्त्राच्या प्रवेश परीक्षेला बसू देतात, काही पदवीला मानसशास्त्राचे ठरावीक श्रेयांक मागतात. म्हणून बी.ए.ला प्रवेश घेतानाच विचारून घ्यायचं की इथं मानसशास्त्र हा मुख्य विषय म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत चालतो का. पहिल्या वर्षी विषय मिळाला आणि पुढं विद्यार्थी कमी म्हणून तुकडी बंद झाली, असं लहान महाविद्यालयांत घडतं.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, ती म्हणजे संख्याशास्त्र. गणित सुटावं म्हणून कला शाखेत आलेल्या मुलांना तिथं मध्य, प्रमाण विचलन आणि सहसंबंध गाठतात. प्रयोगशाळेत प्रतिक्रियाकाल मोजायचा, आरशात पाहून आकृती गिरवायची, आलेल्या आकड्यांचा तक्ता मांडायचा. मनाच्या विषयात एवढे आकडे कशाला, असं वाटणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी कंटाळतो. ज्याला उमगतं की माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याआधी ते तपासून पाहण्याची ही रीत आहे, तो टिकतो.

वेचणी आणि वेळापत्रक

केंद्रीय विद्यापीठांची दारं २०२२ पासून सीयूईटी या सामायिक परीक्षेनं उघडतात. पदवीसाठीच्या परीक्षेत मानसशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे आणि ही परीक्षा ज्या तेरा भाषांत देता येते त्यात मराठी आहे. २०२५ मध्ये एका विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीच्याला एक वजा. दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ असे पर्याय या एका अर्जात येतात. पदव्युत्तर परीक्षेत ७५ प्रश्न, बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं आपली जुनी स्वतंत्र परीक्षा सोडून पदव्युत्तर प्रवेशासाठी हीच परीक्षा स्वीकारली. म्हणजे ज्या संस्थेनं २००५ साली विदर्भाच्या आत्महत्यांचा अहवाल लिहिला, तिथं शिकायला जाण्याची तिकीटखिडकी आज सीयूईटी-पीजी आहे.

आता तारखा पाहा. २०२५ साली सीयूईटी-पीजीचे अर्ज जानेवारीत सुरू झाले आणि परीक्षा मार्चमध्ये. पदवीच्या परीक्षेचे अर्ज मार्चमध्ये, परीक्षा मेमध्ये. राळेगावात जानेवारी म्हणजे कापसाच्या वेचण्या, मजुरांची शोधाशोध, जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा. घरात भाव काय फुटतो याचीच चर्चा. बी.ए. तिसऱ्या वर्षाचं शेवटचं सत्र तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं. आपल्याकडे प्रवेशाचा विचार निकाल लागल्यावर, जून-जुलैत, पेरणीच्या तोंडावर करायची रीत आहे. अकरावीपासून तीच सवय लागलेली असते. निकाल, गुणपत्रक, मग अर्ज. राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा या रीतीच्या उलट चालते. आधी अर्ज, मग परीक्षा, मग पदवीचा निकाल. जूनमध्ये झेरॉक्सच्या दुकानात चौकशीला गेलेल्या मुलाला कळतं की ती गाडी मार्चमध्येच गेली. मग उरतं ते जवळचं, ज्या विषयात जागा रिकामी असेल ते. बुद्धीनं कमी पडून नाकारले गेलेल्यांपेक्षा तारीख न कळल्यामुळे अर्जच न केलेले आपल्याकडे जास्त असावेत, असं हा प्रकार जवळून पाहणाऱ्या कोणालाही वाटेल.

राज्य विद्यापीठांचं वेळापत्रक थोडं सोयीचं असतं. पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग १९५० चा, मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ चा. विद्यापीठाच्या विभागात प्रवेश परीक्षा आणि संलग्न महाविद्यालयात गुणवत्ता यादी, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी दिसते. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ या केंद्रीय विद्यापीठातही मानसशास्त्र शिकता येतं, पण तिथलं माध्यम हिंदी.

दाखल्यांची फाइल

शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. तालुक्यातल्या प्रत्येक घराला ही नावं पाठ आहेत. केंद्रीय संस्थेत मात्र या ओळखीच्या कागदांतच पाय अडकतो. तिथं इतर मागास वर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत असणं पुरत नाही. राज्यातला एसईबीसी प्रवर्ग केंद्रीय प्रवेशात धरला जात नाही. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा. सेतू केंद्रावर नुसता "नॉन-क्रिमीलेअर पाहिजे" म्हटलं की राज्याच्या नमुन्यातला मिळतो. "केंद्र सरकारच्या नमुन्यात" हे शब्द उच्चारावे लागतात. हे शब्द न उच्चारल्यामुळे प्रवेशाच्या दिवशी खुल्या प्रवर्गात ढकललं जाण्याची वेळ येते.

पैशाच्या बाजूनं पाहिलं तर महाडीबीटीवरची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, अनुसूचित जातींसाठी स्वाधार योजना, असे आधार आहेत. वसतिगृहात नंबर लागला नाही तर जेवण-निवासासाठी स्वयम् आणि स्वाधारचा उपयोग होतो. पण हप्ता बँकेत येईपर्यंत पहिलं सत्र उसनवारीवर काढण्याची तयारी ठेवावी लागते.

'आपल्याबद्दल लिहा'

अर्जाचा खरा कस लागतो तो निवेदनाच्या रकान्यात. हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे, असं अनेक चांगल्या संस्था विचारतात; कुठं लेखी, कुठं मुलाखतीत. तालुक्याच्या ठिकाणाहून जाणारी निवेदनं बहुधा एका साच्यात असतात. मला लहानपणापासून माणसांची आवड आहे, मला समाजसेवा करायची आहे, मानसिक आरोग्य ही काळाची गरज आहे. यात खोटं काही नाही, पण लिहिणारा कोण, कुठला, हे कळत नाही. तेच वाक्य बांद्र्याची मुलगीही लिहू शकते.

राळेगावच्या मुलाकडे मात्र असं काही असतं जे बांद्र्याच्या मुलीकडे नसतं. २०१८ चं उदाहरण घ्या. टी-१ वाघीण, शहरांनी जिला अवनी म्हटलं, तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. मुंबई-पुण्यात तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या आणि इकडच्या गावांत फटाके फुटले. त्याआधीचे महिने माणसं टोळीनं शेतात गेली, कापूस बोंडातच राहिला, अंधार पडायच्या आत दारं लागली. एकाच घटनेकडे पाहताना दोन समाजांना धोका इतका वेगळा का दिसतो, हा मानसशास्त्रातला अभ्यासाचा रीतसर प्रांत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी धोक्याच्या जाणिवेवर केलेलं काम जगभर शिकवलं जातं. बोराटीच्या आसपास वाढलेल्या मुलीनं त्या दिवसांत आईच्या वागण्यात काय बदललं, वाघीण गेल्यावर भीती किती दिवसांनी ओसरली, कोणाची ओसरलीच नाही, एवढं नेमकं दोन परिच्छेदांत लिहिलं तर प्रवेश समिती थांबून वाचेल. ती ते लिहीत नाही, कारण गावातली गोष्ट 'अभ्यासाची' असू शकते असं तिला कोणी सांगितलेलं नसतं.

एक सावधगिरी मात्र हवी. घरातलं दुःख अर्जात मांडायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. वडिलांची किंवा काकांची आत्महत्या ही प्रवेशासाठी दाखवायची वस्तू नव्हे. सांगायचंच असेल तर त्यातून कोणता प्रश्न मनात उभा राहिला आणि त्याचं उत्तर शोधायला आजवर काय केलं, यावर भर हवा.

शिफारसपत्राची गत निवेदनाहून वेगळी नाही. आपल्या शिक्षकांना चारित्र्याचा दाखला लिहायची सवय. 'सदर विद्यार्थी होतकरू व सालस असून त्याची वर्तणूक चांगली आहे'. प्रवेश समितीला हवं असतं ते वेगळं. या मुलानं कोणतं प्रात्यक्षिक कसं केलं, कोणता प्रश्न विचारला, चूक दाखवल्यावर काय केलं. शिक्षकाला हे लिहिता यावं म्हणून विद्यार्थ्यानंच दोन महिने आधी आपल्या कामाची टिपणं त्यांच्या हाती द्यावीत. यात भीड बाळगण्यासारखं काही नाही.

टपालाची वाट बंद

आजवर राळेगावात मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीची सर्वांत सोयीची वाट दूरशिक्षणाची होती. लग्न होऊन आलेली सून, जिल्हा परिषदेचा शिक्षक, अंगणवाडीतली मदतनीस, दुकान सांभाळणारा मुलगा. नोकरी-संसार सांभाळून इग्नूची पुस्तकं वाचायची, परीक्षेला यवतमाळ किंवा नागपूर गाठायचं. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. कारण २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात आहे. त्या कायद्यानं मानसशास्त्राशी संबंधित व्यवसायांना आरोग्यसेवेत स्थान दिलं. आणि आरोग्यसेवक प्रत्यक्ष रुग्णासमोर, प्रत्यक्ष देखरेखीखाली तयार व्हायला हवा, हा त्यामागचा विचार.

विचार चुकीचा म्हणता येत नाही. समोरच्या माणसाचं रडणं कसं ऐकायचं, हे पोस्टानं आलेल्या पुस्तकातून शिकता येत नाही. पण या निर्णयाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. पुण्याच्या विद्यार्थ्याला दूरशिक्षण बंद झाल्यानं सायकलच्या अंतरावरचं महाविद्यालय उरतं. राळेगावच्या विवाहितेला काहीच उरत नाही. दर्जा वाढवायचा निर्णय घेतला तेव्हाच तालुक्यांच्या जवळ प्रत्यक्ष शिक्षणाची सोय वाढवायला हवी होती. ती वाढली नाही तोवर या विषयात ग्रामीण, वयानं मोठ्या आणि विवाहित विद्यार्थ्यांचं प्रमाण घटणार, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

मुक्त शिक्षणाची वाट किती लांब नेऊ शकते याचं उदाहरण यवतमाळशी जोडलेलं आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले राजू केंद्रे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाले, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ग्रामीण विकास शिकले आणि २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. त्यांनी यवतमाळमध्ये सुरू केलेली 'एकलव्य' ही संस्था घराण्यात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना देशातल्या नामांकित संस्थांच्या प्रवेशासाठी तयार करते. अर्ज, निवेदन, मुलाखत या सगळ्यासाठी. केंद्रे यांचा विषय मानसशास्त्र नव्हता, पण 'एकलव्य'नं धरलेला धागा तोच आहे. गुणवत्ता गावात असते, प्रवेशाची रीत शहरात असते, आणि ती रीत शिकवता येते.

परीक्षा इंग्रजीत, दुखणं वऱ्हाडीत

सीयूईटीची पदवीची परीक्षा मराठीत देता येते, पदव्युत्तर परीक्षेचा मानसशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठीतून बी.ए. केलेल्या मुलाला संज्ञा नव्यानं शिकाव्या लागतात. 'अभिसंधान' येतं, 'कंडिशनिंग' अडतं. यावर इलाज साधा आहे. पहिल्या वर्षापासून वहीच्या डाव्या पानावर मराठी संज्ञा, उजव्या पानावर इंग्रजी. तिसऱ्या वर्षापर्यंत स्वतःचा कोश तयार होतो.

पण याच मुलाकडे उलट बाजूनं एक भांडवल आहे. इथं माणूस 'मला नैराश्य आलं' असं म्हणत नाही. तो म्हणतो, "जीव लागत नाई कायीत," "डोक्शात घोर हाये," "झोपच येत नाई." तालुक्यातल्या पोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, कोलामी बोलली जाते, गोंडी बोलली जाते. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. त्यांच्या भाषेत नीट तपासून प्रमाणित केलेली मानसिक चाचणी करायची असेल तर ती भाषा घरात ऐकलेला मानसशास्त्रज्ञ लागेल. हे अशक्य नाही, कारण मराठीत ते एकदा झालेलं आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्समध्ये जन्मलेली बिने बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांवर तपासून आपल्या मातीत बसवली आणि १९४० साली त्यावर पुस्तक लिहिलं. बिने-कामत चाचणी नंतर कित्येक दशकं देशभरातल्या दवाखान्यांत वापरली गेली. असं काम कोलामीत करायला अजून खूप जागा आहे.

जवळच्या खिडक्या

सगळ्यांनीच शिडीच्या टोकापर्यंत जावं असं नाही. एम.एस.डब्ल्यू.ला वैद्यकीय व मनोविकार सामाजिक कार्य हे विशेषीकरण घेता येतं, आणि समाजकार्य महाविद्यालयं विदर्भात मानसशास्त्राच्या विभागांपेक्षा सहज सापडतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याबरोबर मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याचंही पद असतं.

पदवी नसलेली, पण नीट प्रशिक्षण मिळालेली माणसं काय करू शकतात याचा पुरावा शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते, समुपदेशक आणि डॉक्टर अशी त्याची मांडणी होती. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त त्याचे निष्कर्ष मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. गोव्यात 'संगाथ' संस्थेनंही प्राथमिक आरोग्य केंद्रांत बिगरतज्ज्ञ समुपदेशकांकरवी नैराश्यावरचे उपचार यशस्वी करून दाखवले. पण या प्रत्येक साखळीत वर कोणीतरी प्रशिक्षण देणारा, देखरेख ठेवणारा, आकडे तपासणारा लागतोच. तो पदवीधर असतो.

मागणीही वाढते आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. राळेगाव तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांपुरतं हे मनावर घेतलं तरी "हे शिकून नोकरी भेटते का" या प्रश्नाचं उत्तर बदलेल. निर्देश कागदावर राहिले तर अर्थातच बदलणार नाही.

परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी दोन शब्द. ब्रिटनमध्ये एम.ए. एका वर्षाचं, दुसऱ्या विषयाचा पदवीधरही तिथल्या ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीनं मान्य केलेल्या रूपांतर अभ्यासक्रमातून मानसशास्त्रात येऊ शकतो. चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पण परत येऊन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं असेल तर पुनर्वास परिषदेची नोंदणी चुकत नाही, हे विमानात बसायच्या आधी ठाऊक असावं.

भाव आणि मन

या सगळ्यावर एक आक्षेप रास्त आहे. समुपदेशनानं कापसाला भाव येत नाही. पाऊस, कर्ज, बोंडअळी, बाजार यांची उत्तरं शोधायची सोडून शेतकऱ्याच्या डोक्यात दोष शोधायचा, हा त्याच्यावरच उलटवलेला आरोप ठरू शकतो. म्हणूनच इथल्या मुलांनी हा विषय शिकायला हवा. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला निराशा दिसते. जिनिंगच्या रांगेत बापाबरोबर रात्र काढलेल्याला ती निराशा कुठून आली हेही ठाऊक असतं. तो अहवाल लिहील तेव्हा मन आणि भाव यांची फारकत करणार नाही.

शिकलेल्यानं गावी परतलंच पाहिजे, असा हट्ट मात्र नको. इंजिनिअर झालेल्या मुलाला आपण तो प्रश्न विचारत नाही, मग मानसशास्त्रज्ञ झालेल्या मुलीलाच का विचारावा? परतावंसं वाटेल अशी कायम पदं जिल्ह्यात निर्माण करणं हे शासनाचं काम आहे. तालुक्याच्या हातात आहे ते त्याहून लहान आणि आजच करण्याजोगं. महाविद्यालयाच्या फलकावर जूनऐवजी नोव्हेंबरमध्ये प्रवेश परीक्षांच्या तारखा लावायच्या. एका प्राध्यापकाकडे निवेदनं तपासण्याचं काम द्यायचं. केंद्राच्या नमुन्यातला दाखला कसा मागायचा, हे सेतू केंद्राच्या भिंतीवर लिहायचं. बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं मागच्याला फोन नंबर द्यायचा. अर्ज भरतानाच ज्याचं मन थकेल त्याच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही त्याच फलकावर हवा. तो चोवीस तास, मराठीतही चालतो.

पदव्युत्तर परीक्षेचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात. तिसऱ्या वर्षाला असलेलं कोणी घरात असेल, तर तयारी दिवाळीतच सुरू करायला हवी.